मामांचा ट्रॅक्टर चालू होईपर्यंत

मी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी "अहो, एवढं काय घाबरायचं?" असं विचारायला नको. विमा कंपनीत मोटार अपघातांच्या टेबलावर ज्याची उभी हयात गेली, तो माणूस न घाबरता जगत असेल तर त्याने काम मन लावून केलेलं नाही. इतरांना रस्त्यावर गाडी दिसते, मला तिच्याखाली येणारा माणूस दिसतो. आमच्याकडे एकदा एक उभी मालमोटार, कोणीही हात न लावता, आपल्या आपण चालत जाऊन लग्नाच्या मांडवात शिरली होती. वऱ्हाडी वाचले, आचारी वाचले, बासुंदी गेली. तेव्हापासून उतारावर उभ्या असलेल्या वाहनाच्या पुढून मी जात नाही. उशीर झाला तरी मागून वळसा घेतो.

अशा माझ्या नशिबी, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत, नेमका उतारावर, एक ट्रॅक्टर आला.

ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा. महिपती मामा हिंजवडीच्या अलीकडचे. तिकडे कंप्युटरच्या कंपन्या यायला लागल्या आणि मामांचं शेत, विहीर, राहतं घर आणि दारातला आंबा, सगळं एका काचेच्या इमारतीच्या पोटात गेलं. सासूबाई त्याच्या आदल्याच वर्षी गेल्या होत्या. मुलगा नाही, मुलगी एकच, ती माझ्या पदरात. म्हणजे खरं तर मी तिच्या. राहता राहिले मामा आणि त्यांचा जुना ट्रॅक्टर, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते दोघंही धूर सोडत आमच्या फाटकातून आत आले.

"मुक्कामाला न्हाई आलो," मामा खाली उतरायच्या आधीच म्हणाले. "लेकीच्या दारात बाप ऱ्हात नसतो. ह्यो जरा खोकतोय. पुण्यात मिस्त्री चांगलं मिळत्यात म्हणून आणला. ह्यो धड चालू झाला की निघालोच."

"निघून कुठं जाणार, आप्पा?" माझ्या बायकोनं, सत्यशीलानं विचारलं.

"देवळाची ओवरी हाय की. तितं कोन इचारतंय?"

सत्यशीला तडक उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं कुकर जरा जोरात आपटला आणि मला आत बोलावलं. "ऐकलंत ना? ट्रॅक्टर चालू झाला की आप्पा ओवरीत. अहो, त्या ओवरीला दार नाही. वरचा पत्राही अर्धाच आहे. आणि त्यांना खोकला होतो. काहीतरी करा."

"मी काय करू?"

"ते मला काय विचारता? मोटार विभागात तुम्ही आहात."

विमा कंपनीत असण्याचा हा एक तोटा आहे. लोकांना वाटतं आम्ही गाड्या दुरुस्त करतो. आम्ही फक्त त्या मोडल्यावर घाबरतो.

चहा झाल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "जावईबापू, येक सांगतो. कुनाला बोलू नगा. ह्येला ब्रेक न्हाईत."

"म्हणजे कमी लागतात?"

"न्हाईतच. चांदणी चौकाचा उतार पहिल्या गेरवर काढला. लय मज्जा आली."

मी जिन्याचा कठडा धरला. तुम्ही आमची सोसायटी पाहिलेली नाही म्हणून सांगतो. फाटक वर आहे. तिथून सिमेंटचा रस्ता खाली उतरतो आणि थेट तळमजल्यावरच्या एका गॅलरीपाशी संपतो. ती गॅलरी आमच्या चेअरमनांची, परचुऱ्यांची. लष्करी हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सकाळ-संध्याकाळ त्या गॅलरीत वेताच्या खुर्चीवर बसून पेपर वाचतात आणि पेपराच्या वरून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चुका काढतात. ट्रॅक्टर उभा होता त्या उताराच्या मधोमध, तोंड खाली करून. ट्रॅक्टर आणि परचुरे यांच्यामध्ये काय होतं? पुढच्या चाकांखाली मामांनी लावलेले दोन धोंडे. बाकी मोकळी हवा.

दुसऱ्या दिवशी दसरा. सत्यशीलानं ट्रॅक्टरला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, झेंडूचा भलामोठा हार आणला. हाराचं एक टोक स्टिअरिंगशेजारच्या एका काळ्या खुंटीला आणि दुसरं सीटच्या लोखंडी दांडीला, असा तिनं तो चांगला ताणून बांधला. नंतर मामाही वर चढून काहीतरी खुडबुड करून आले. मी लांबूनच नमस्कार केला. मग रोज सकाळी खाली जायचं, दोन्ही धोंडे पायानं चाचपायचे, हार घट्ट मुठीत धरून डोळे मिटायचे आणि "बाबा रे, हलू नकोस" म्हणायचं, हा माझा नेमच झाला. घरच्या देवापुढे मी इतक्या कळवळ्यानं कधी उभा राहिलो नव्हतो.

आणि त्याच दसऱ्यापासून ट्रॅक्टर चालू व्हायचा थांबला. किल्ली फिरवली की घर्रर्र, घर्रर्र, घर्रर्र असा गळा काढायचा, आणि मग गप्प.

"शितोळे, हे काय आहे?" परचुऱ्यांनी मला जिन्यात गाठलं.

"ट्रॅक्टर."

"ते दिसतंय मला. इथे का आहे?"

"पाहुणे आलेत."

"पाहुणे जातात," परचुरे म्हणाले. "पाण्याचा टँकर आत यायला याची अडचण होते आहे. सोसायटीच्या नियमावलीत ट्रॅक्टर हा शब्द नाही, याचा अर्थ परवानगी आहे असा आपण काढू नये. येत्या रविवारपर्यंत तो आपल्या चाकांनी बाहेर गेला पाहिजे. नाहीतर क्रेन बोलावून थेट भंगारात. आपल्या माहितीसाठी सांगितलं."

हे मामांच्या कानावर घातलं, तर ते तंबाखू मळत म्हणाले, "भंगारात गेला, तर मंग म्या हितं कशापायी थांबू? त्याच दिशी निघंन."

झालं! म्हणजे ट्रॅक्टर चालू झाला, तर मामा ओवरीत. शिवाय ब्रेक नसलेला ट्रॅक्टर परचुऱ्यांच्या गॅलरीत. नाही चालू झाला, तर ट्रॅक्टर भंगारात आणि मामा तरीही ओवरीत. आणि मामा ओवरीत गेले की सत्यशीला माझ्याशी उरलेला जन्म कशी बोलेल, हे मला त्या कुकरच्या आवाजावरून कळलं होतं. दोन हजार साल लागताना सगळे कंप्युटर बंद पडून जग बुडणार, अशी आवई उठली होती, तेव्हा मी घरात ज्वारीचं पोतं आणि काड्यापेट्या भरून ठेवल्या होत्या. त्या भीतीत निदान सगळं जग सोबतीला होतं. या भीतीत मी एकटा.

एकटा म्हणजे सल्ला सोडून. सल्ल्याला सोसायटीत तोटा नाही. पुणं हे स्कूटरवाल्यांचं गाव आहे, आणि ज्यानं एकदा स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढून पॉलिशपेपरनं घासला, त्याला विमानाचंही इंजिन उघडता येतं असा त्याचा समज असतो. आमचे सेक्रेटरी सबनीस त्यातले अग्रणी. ते डाव्या हातात प्लगचा पाना, उजव्या हातात पॉलिशपेपर आणि खांद्यावर जुना बनियन घेऊन हजर झाले.

"काही नाही, प्लग शॉर्ट असणार. शितोळे, प्लग कुठाय?"

मी मामांकडे बघितलं. मामा पायरीवर बसले होते. "शोधा, शोधा," ते मोठ्या मायेनं म्हणाले. "असंल कुटंतरी."

दोन दिवस शोध चालला. सोसायटीतले यच्चयावत पाने बाहेर आले. सबनिसांनी ट्रॅक्टरच्या खाली जाऊन शोधलं, वर चढून शोधलं. एकदा तर दिव्याची काच उघडून आत बघितलं. ते चाकाला टेकले की मी धोंड्याकडे धावायचो. "सबनीस, जरा बेतानं, धोंडा!" असं मी ओरडायचो, आणि ते म्हणायचे, "आपण घाबरू नका हो, आपण फक्त उजेड धरा."

शेवटी दुसऱ्या मजल्यावरचा शंभू ऑफिसातून आला. हा नागपूरकडचा मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत. "काका, डिझेलच्या इंजिनला स्पार्क प्लग राहतच नाही ना. मी नेटवर चेक केलं."

"नसतो?" सबनीस ट्रॅक्टरखालून म्हणाले. "मग ते पेटतं कशावर? श्रद्धेवर?"

"मला वाटते सिस्टम हँग झालं आहे. बॅटरी काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची. रिस्टार्ट. आमच्याकडे नव्वद टक्के प्रॉब्लेम असेच जातात."

बॅटरी काढली. सगळे घड्याळं बघत उभे राहिले, जणू आत बाळंतपण चाललंय. परत लावली. घर्रर्र, घर्रर्र. मी प्रत्येक घर्ररला देवाचं नाव घेत होतो, आणि गप्प झाला की सुस्कारा टाकत होतो. आणि सुस्कारा टाकला की रविवार आठवून पुन्हा घाबरत होतो. एका घर्ररमध्ये तीनदा घाबरायचं म्हणजे माणसाची तब्येत काय राहणार? माझं जेवण सुटलं. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "शितोळे, घरी कोणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "ट्रॅक्टर." त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली.

आणि मग सबनिसांना ते सुचलं. ते फक्त पुणेकरालाच सुचू शकतं. आमच्याकडे स्कूटर चालू होत नसेल तर काय करतात? आडवी करतात. हँडल धरून बाजूला कलती करायची, पेट्रोल पोचू द्यायचं, उभी करून किक मारायची. लहानपणापासून हेच पाहिलेलं. सबनीस म्हणाले, "तत्त्व तेच. वजन फक्त जास्त."

"अहो, ट्रॅक्टर आडवा?" माझा आवाज फाटला.

"आडवा नाही हो, कलता. आपण उगाच शब्द वाढवू नका."

गच्चीवरच्या मांडवाचे वासे आणले. सोसायटीतले झाडून सगळे पुरुष डाव्या बाजूला वाशांना खांदे लावून उभे राहिले. परचुरे गॅलरीतून पेपराच्या वरून बघत होते. मी उजव्या बाजूला, धोंड्यापाशी उकिडवा बसलो. मामा पायरीवर, तोंडाला उपरणं लावून. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना ट्रॅक्टरचे हे हाल बघवत नसतील.

"हं, एक, दोन, तीन!"

ट्रॅक्टर केसभरही कलला नाही. पण धोंडा सरकला. एवढासाच, नखाएवढा. मी असा किंचाळलो की वरच्या मजल्यावर झोपलेलं पोर उठलं. सगळ्यांना वाटलं मी जोर देतोय, त्यांनी "शाब्बास शितोळे!" म्हणून आणखी रेटा दिला. मी दोन्ही हातांनी धोंडा धरून रस्त्यावर आडवा पडलो. माझा नवा टेरिकॉटचा शर्ट कोपरावर फाटला तो तेव्हा. त्या संध्याकाळी एकच वस्तू आडवी झाली, ती म्हणजे मी.

परचुऱ्यांचा आता संयम संपला. त्यांनी स्वतः मार्केट यार्डाकडून एक मिस्त्री आणला. मिस्त्री वर चढला, किल्ली फिरवली, इकडे तिकडे बघितलं. त्याची नजर त्या सुकत चाललेल्या हारावर थांबली. मग त्यानं मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "या, आधी च्या घ्या." दोघं ट्रॅक्टरमागे गेले. मला हसण्याचा आवाज आल्यासारखं वाटलं. मिस्त्री परत आला तो हात पुसत. हात कोरडेच होते.

"काय झालंय?" परचुऱ्यांनी विचारलं.

"वय झालंय," मिस्त्री म्हणाला. "वेळ लागंल. घाई करू नगा." आणि गेला.

मामांदेखत त्यांच्या ट्रॅक्टरचं वय काढलं म्हणून मला त्याचा रागच आला.

रविवार उजाडला. फाटकाबाहेर क्रेन येऊन उभी राहिली. सत्यशीलानं आप्पांच्या आवडीची मासवडी केली होती, आणि ती करताना डोळे पुसत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "कांदा." मासवडीच्या सारणात कांदा असतो हे खरं, पण तो तेव्हा चिरून झालेला होता.

"शेवटचा एक उपाय," सबनीस म्हणाले. "ढकलस्टार्ट. उतार आहेच. गिअर टाकायचा, ढकलायचं, क्लच सोडायचा. चालू झालाच पाहिजे. नाही झाला, तर क्रेन."

"ब्रेक ठीक आहेत ना?" परचुऱ्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मोटार विभाग! मी तोंड उघडलं. नाहीत म्हणालो, तर क्रेन या क्षणी आत. वर आमच्या गॅलरीत सत्यशीला उभी होती. "असतीलच की," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला देव जाणे.

आता वर बसणार कोण? मामांचे गुडघे धरलेले. सबनिसांना ढकलण्याचा अनुभव जास्त. शंभू म्हणाला, "काका, माझं लायसन्स टू-व्हीलरचं आहे ना." माझंही स्कूटरचंच आहे, पण ते कोणी विचारलं नाही.

मामांनी मला हाताला धरून वर चढवलं. कानाशी लागून म्हणाले, "भिऊ नगा, जावईबापू. पहिल्या गेरात टाका, क्लच सोडा. चालू व्हनार न्हाई. दोन पावलं जाईल आन् आपसूक थांबंल. म्या सांगतो." त्यांनी हे इतक्या खात्रीनं कसं सांगितलं, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवा होता. पण डोक्यात तेव्हा मालमोटार आणि बासुंदी होती.

तेवढ्यात परचुरे जवळ आले. सगळं शिस्तीत झालं पाहिजे, हा त्यांचा बाणा. त्यांची नजर हारावर गेली. "हे काय? दसऱ्याचं निर्माल्य अजून इथे? शितोळे, जिन्याखाली निर्माल्याचा डबा आपण कशासाठी ठेवला आहे?"

"ऱ्हाऊ द्या, सायेब," मामा एकदम म्हणाले. "देवाचं हाय."

"म्हणूनच. देवाचं असं वाळत घालत नाहीत." परचुरे ट्रॅक्टरच्या पायरीवर चढले आणि गाठ सोडायला लागले. "एका हाराला दोन-दोन गाठी कशाला? एक लाल दोऱ्याची, एक सुतळीची. वा!" त्यांनी दोन्ही सोडल्या, हार काढला आणि ती काळी खुंटी बाहेर आलेली बघून बोटानं नीट आत ढकलली. "प्रत्येक वस्तू आपल्या जागी असावी."

मामा दचकून एक पाऊल पुढे आले. वर सत्यशीलानं तोंडावर हात ठेवला. मी दोघांकडे बघितलं, आणि मला जी भीती वाटली ती आधीच्या सगळ्या भीत्यांपेक्षा वेगळी होती. कारण या वेळी नेमकं कशाला घाबरायचं हेच कळेना.

सबनिसांनी धोंडे काढले. "हं! एक, दोन, तीन!"

ट्रॅक्टर हलला. मी क्लच सोडला. एक हिसका बसला, खालून एक उचकी आली आणि मग, धडधडधडधड! काळा धूर आभाळात गेला, सीट माझ्यासकट थरथरायला लागली. "चालू झाला! चालू झाला!" मागे एकच जल्लोष. आणि त्या आनंदात ते सगळे आणखी जोरानं ढकलत होते!

लोकांना वाटतं वेगाची भीती मोठी असते. साफ खोटं. पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं चालतो, त्यामुळे घाबरायला भरपूर वेळ मिळतो. मी ब्रेक दाबला. तो लोण्यात बोट जावं तसा खाली गेला. डावीकडे स्कूटरींची रांग, उजवीकडे पाण्याची टाकी, समोर परचुऱ्यांची गॅलरी सावकाश, फार सावकाश मोठी होत होती. वेताची खुर्ची दिसली. तिच्यावरचा पेपर दिसला. मला त्यातला मथळाही वाचता आला. माझ्या टेबलावरच्या भाषेत मी स्वतःला म्हणालो, 'वाहनावर दावेदार स्वतः बसला होता व तो ओरडत होता.' तोवर मी ओरडायलाही लागलो होतो.

आणि मग मी तेच केलं जे रोज सकाळी करत होतो. डोळे मिटले, "बाबा रे, हलू नकोस" म्हटलं आणि हार धरायला हात पुढे केला. हार नव्हता. हाताला ती खुंटी लागली. मी तीच मुठीत धरली आणि बुडता माणूस काडी ओढतो तशी जिवाच्या आकांतानं ओढली.

धडधड थांबली. ट्रॅक्टर एक गचका खाऊन जागच्या जागी उभा राहिला. डोळे उघडले तर ट्रॅक्टरचं नाक परचुऱ्यांच्या कठड्याला टेकलं होतं. कठडा वाकला होता, खुर्ची उलथली होती, मनीप्लँटची बाटली फुटली होती. बाकी सगळं ठीक. माणसं सगळी मागे होती, ढकलत.

मामा धावत आले. गुडघ्यांसकट! "जावईबापू! स्टापर वढला व्हय तुमी? देवा रे, वाचवलंस!"

"कसला स्टॉपर?"

मामांनी एकदम उपरणं झटकायला घेतलं. मी माझ्या मुठीकडे बघितलं. मी घाबरट आहे, मठ्ठ नाही. डिझेलचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही. खुंटी ओढून बंद करतात. आणि ती ओढलेली राहिली, तर सबनिसांच्या सात पिढ्या आल्या तरी चालू होत नाही. आणि पंचवीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नाही, असं होत नाही.

क्रेनवाला आत आला. "ओढून घेऊ का साहेब?"

"खबरदार!" परचुरे ओरडले. हातातला हार त्यांनी क्रेनवाल्यापुढे आडवा धरला होता. "कोणी हात लावायचा नाही! हा ढकलला की चालू होतो, ओढला तरी होईल. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जा तुम्ही!" आणि तिथल्या तिथे, वाकलेल्या कठड्यासमोर, सोसायटीची तातडीची सभा झाली. सदर ट्रॅक्टर चालू करणे, ढकलणे, ओढणे अथवा आडवा करणे यांस कायमची मनाई, असा ठराव पास झाला. टँकरची वाट मोकळी झालीच होती. परचुरे म्हणाले, "मी खुर्ची आतल्या खोलीत टाकीन." त्यांच्या डोळ्यांत मला ओळखीची भीती दिसली, आणि इतक्या वर्षांत प्रथमच परचुरे मला आपले वाटले.

घरी आलो तर मामा वळकटी बांधत होते. मासवडीला कोणी हात लावला नव्हता. सत्यशीला दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"शब्द म्हंजी शब्द," मामा म्हणाले. "चालू झाला. समद्या सोसायटीनं बघितला. लेकीच्या दारात आता कोन्त्या तोंडानं ऱ्हाऊ?"

मी कधी सासऱ्यांसमोर बोललेलो नाही. आज मी सरळ त्यांच्या वळकटीवरच जाऊन बसलो.

"मामा, तुम्ही गेलात तर त्याच्याजवळ मी एकटा. तो हलवायचा नाही असा ठराव झालाय. उद्या तो आपणहून निघाला, तर मी काय करू? त्याला काय दुखतं-खुपतं ते मला कळत नाही. मला भीती वाटते हो. खरंच सांगतो. इतके दिवस रोज सकाळी वाटत होती, पण तुम्ही पायरीवर बसलेले असायचात, म्हणून निभावलं. मला त्याच्याजवळ एकट्याला टाकून जाऊ नका."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

मामांनी वळकटीची दोरी हातातून खाली ठेवली. "येवढं भ्या वाटतंय?"

"फार."

"मंग ऱ्हावं लागंल," ते म्हणाले. "भ्यालेल्या मानसाला टाकून जात नसत्यात. उठा, वळकटीवरनं उठा. सत्ये, वाढ ती मासवडी."

सत्यशीला आत गेली. कुकर आपटल्याचा आवाज आला नाही.

ट्रॅक्टर अजून तिथेच आहे. परचुऱ्यांनी त्यावर पाटी लावली आहे: 'हे वाहन बंद आहे. चालू करून दाखवू नये.' दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मी खाली गेलो, तर मामा वर चढून नवा हार बांधत होते. खुंटी पूर्ण बाहेर ओढून, सुतळीची गाठ. शेजारी सत्यशीला ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. ताटात लाल दोरा.

"आप्पा, उतरा आता," ती म्हणाली. "माझी गाठ राहिलीय."

मामांनी तिच्याकडे बघितलं. मग सुतळीकडे बघितलं. "लाल दोरा तुजा व्हता? म्या म्हनलं शोभेचा."

"आणि मी म्हटलं सुतळी हार पडू नये म्हणून."

मग मामांनी उपरणं तोंडाला लावलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी चाकांखाली पुन्हा लावलेले दोन्ही धोंडे पायानं चाचपले. आता उताराच्या पायथ्याच्या सपाट जमिनीवर त्यांची गरज नव्हती, पण सवय. मग वर चढलो आणि दोघांच्या गाठींवर माझी तिसरी मारली.